अस्थी व स्नायूंच्या इजा आणि विकारांतील शुश्रूषा

अस्थी व स्नायूंच्या इजा आणि विकारांतील शुश्रूषा हा परिचर्याशास्त्राचा एक विभाग आहे. हाडे, सांधे, स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांना झालेल्या दुखापती किंवा जडलेले विकार यांत रुग्णाची जी काळजी घेतली जाते, तिचा यात समावेश होतो. मोडलेले हाड जागेवर बसवणे हे शल्यचिकित्सकाचे काम असून ते बहुधा तास-दोन तासांत संपते. हाड जुळून येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. या काळात अवयवातील रक्ताभिसरण टिकवणे, जंतुसंसर्ग व शय्याव्रण टाळणे, वेदना आटोक्यात ठेवणे आणि रुग्णाला पुन्हा चालते-फिरते करणे ही कामे प्रामुख्याने परिचारिका, परिचारक व घरची माणसे करतात. भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात या शुश्रूषेचा प्रारंभ बहुतेक वेळा शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला होतो आणि तिचा शेवटचा, सर्वांत लांब टप्पा घरीच पार पडतो.

व्याप्ती

या विभागात येणाऱ्या इजांमध्ये अस्थिभंग, सांधा निखळणे, मुरगळणे, लचक भरणे, स्नायू किंवा कंडरा तुटणे, अवयव चिरडला जाणे आणि मणक्याची इजा यांचा समावेश होतो. अस्थिभंगाचे बंद व उघडा असे दोन मुख्य प्रकार आहेत. त्वचा शाबूत असल्यास तो बंद अस्थिभंग होय. हाडाच्या मोडीचा जखमेद्वारे बाहेरच्या हवेशी संबंध आल्यास त्यास उघडा अस्थिभंग म्हणतात. उघड्या अस्थिभंगात जंतुसंसर्गाचा धोका फार मोठा असल्याने जखम लहान दिसली तरी ती तातडीची बाब समजली जाते. मुलांची हाडे लवचीक असल्यामुळे ती ओल्या फांदीप्रमाणे एका बाजूने मोडून दुसऱ्या बाजूने वाकतात. वृद्धांची हाडे ठिसूळ झालेली असल्याने साध्या घसरण्यानेही मोडतात.

विकारांमध्ये गुडघ्यांची झीज, आमवात, गाउट, हाडांचा ठिसूळपणा, अस्थिक्षय म्हणजे हाडांचा किंवा मणक्याचा क्षयरोग, हाडातील जंतुसंसर्ग, कंबरदुखी आणि जन्मजात व्यंगे हे प्रमुख आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे उद्भवणाऱ्या अस्थिवेदनाही या यादीत ठळकपणे धराव्या लागतात.

इतिहास

भारतीय वैद्यकपरंपरेत सुश्रुतसंहितेने अस्थिभंगाचा सविस्तर विचार केलेला आहे. या ग्रंथात भग्नाचे संधिमुक्त आणि काण्डभग्न असे दोन वर्ग मानले असून पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. झाडांच्या साली व बांबू यांच्या पट्ट्या करून भग्न अवयवास आधार देणे, तसेच पायाच्या अस्थिभंगात रुग्णाला फळीवर निजवून अवयव हलू न देणे असे उपाय त्यात आहेत. फळीवरच्या या निजवण्यास कपाटशयन असे नाव आहे.

ऑर्थोपेडिक्स हा शब्द निकोला आन्द्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डच लष्करी शल्यचिकित्सक आंतोनियस मातायसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस लावलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रचारात आणली. १८९५ मध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर मोडीचे नेमके स्वरूप पाहणे शक्य झाले. ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केलेला आधार, जो आजही थॉमस स्प्लिंट या नावाने वापरला जातो, पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आला. त्यामुळे अशा सैनिकांतील मृत्यूंचे प्रमाण बरेच घटले. मोडलेला अवयव हलवण्यापूर्वी स्थिर करावा, हा आजच्या प्रथमोपचारातील नियम या अनुभवाने दृढ झाला.

अस्थिरोग परिचर्येला स्वतंत्र रूप देण्याचे श्रेय इंग्लंडमधील डेम ॲग्नेस हंट (१८६६–१९४८) यांना दिले जाते. त्या स्वतः लहानपणापासून कंबरेच्या सांध्याच्या विकाराने अपंग होत्या. १९०० साली बॅसचर्च या खेड्यात त्यांनी अपंग मुलांसाठी शुश्रूषागृह सुरू केले. मोकळी हवा, दीर्घकाळ चालणारी धीराची शुश्रूषा आणि रुग्णाला हाताला काम देऊन स्वावलंबी करणे यांवर त्यांचा भर होता. भारतात १९६८ च्या सुमारास जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय पुनर्वसनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. तो लावून मांडी घालून बसता येते, उकिडवे बसता येते आणि अनवाणी पायाने शेतात चालता येते.

पवनी परिसरातील स्थिती

पवनी हे वैनगंगेच्या काठचे तालुक्याचे ठिकाण प्राचीन बौद्ध स्तूपांच्या अवशेषांसाठी परिचित आहे. तालुक्याचे मुख्य पीक धान आहे. रोवणीच्या दिवसांत स्त्रिया तासन्‌तास कमरेत वाकून चिखलात उभ्या राहतात. कंबर, गुडघे आणि मनगटे यांवर त्याचा ताण पडतो. पावसाळ्यात बांध्यांचे धुरे निसरडे होऊन घसरण्याचे प्रसंग येतात. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर उलटणे, मळणी यंत्रात हात सापडणे, झाडावरून किंवा घराच्या छपरावरून पडणे आणि दुचाकीचे अपघात ही ग्रामीण भागातील अस्थिभंगाची नेहमीची कारणे होत.

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय अशी चढती रचना आहे. पवनी येथे ग्रामीण रुग्णालय असून जिल्हा रुग्णालय भंडारा येथे आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णांना बहुधा नागपूरला नेले जाते. तेथे १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पवनीहून नागपूरचे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. मांडीचे हाड मोडले असता मांडीच्या स्नायूंतच एक ते दीड लिटर रक्त साचू शकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. त्यामुळे इतक्या प्रवासात रुग्ण कसा नेला जातो, यावर पुढील उपचारांचे यश बरेचसे अवलंबून राहते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. अपघातग्रस्तास सद्‌भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीस मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार संरक्षण मिळते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिरोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे.

अपघातस्थळी प्रथमोपचार

प्रथम रुग्णाचा श्वास, रक्तस्राव आणि शुद्ध पाहावी. मोडलेल्या हाडाकडे त्यानंतर लक्ष द्यावे. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून थांबवावा. जखमेतून हाडाचे टोक बाहेर आले असल्यास ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून ठेवावे. जखमेवर हळद, चुना, शेण, माती किंवा झाडपाला लावू नये. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असण्याची शक्यता असते. उघड्या अस्थिभंगात रुग्णालयात पोहोचताच धनुर्वातप्रतिबंधक इंजेक्शन व प्रतिजैविके शक्य तितक्या लवकर देणे आवश्यक ठरते.

मोडलेला अवयव ज्या स्थितीत आढळेल त्या स्थितीत आधार देऊन बांधावा. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर होतील इतका आधार लांब असावा. खेड्यात बांबूच्या कामट्या, छत्री, जाड पुठ्ठा किंवा घडी केलेले वर्तमानपत्र यांचा उपयोग करता येतो. कामट्या व त्वचा यांच्यामध्ये मऊ कापड ठेवावे. नेमक्या मोडीवर गाठ मारू नये. हाताच्या इजेत दुपट्टा किंवा उपरणे गळ्यात अडकवून झोळी करावी. पायाच्या इजेत दुसरा आधार न मिळाल्यास दुखरा पाय चांगल्या पायास बांधता येतो.

सूज चढण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, कडे, पैंजण आणि जोडवी काढणे अत्यावश्यक आहे. सूज आल्यावर हेच दागिने बोटाभोवती फासासारखे आवळतात. बांगड्या किंवा जोडवी काढण्यास सौभाग्याच्या भावनेमुळे काही स्त्रिया व त्यांचे कुटुंबीय तयार नसतात. अशा वेळी कारण समजावून सांगावे आणि काढलेले दागिने नातेवाइकांच्या हाती मोजून द्यावेत. दुसऱ्या हातातील बांगड्या तशाच ठेवता येतात, हे सांगितल्यास नकार बहुधा मावळतो.

मणक्याच्या इजेची शंका असल्यास, उदाहरणार्थ झाडावरून पडलेल्या व्यक्तीस मान किंवा पाठ दुखत असल्यास अथवा हातपाय बधिर वाटत असल्यास, तिला उठवून बसवू नये. खांदे व पाय धरून झोळीसारखे उचलणे तर कटाक्षाने टाळावे. डोके, मान, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून चौघांनी एकाच वेळी ओंडका लोळवावा तसे वळवून दाराची फळी किंवा स्ट्रेचर खाली सरकवावे.

मुरगळणे व लचक यांत विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, सैलसर दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे हे पहिल्या दोन दिवसांतील उपाय होत. या काळात गरम तेलाचे मालीश किंवा शेक केल्यास आतील रक्तस्राव व सूज वाढते. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्यास भूल देण्याचा विचार करून रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये.

रक्ताभिसरण व संवेदना यांची तपासणी

अस्थिभंगाच्या शुश्रूषेतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे इजेच्या खालच्या भागाची, म्हणजे बोटांची, वारंवार तपासणी. स्नायूंभोवती न ताणणारे आवरण असते. त्याच्या आत सूज किंवा रक्तस्राव वाढला की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू व चेतातंतू मरू लागतात. या स्थितीस कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. हा धोका पोटरी व हाताचा पुढचा भाग यांच्या अस्थिभंगात विशेष असतो. घट्ट पट्टी किंवा घट्ट प्लास्टर यांमुळेही तो उद्भवतो. सुमारे सहा तासांत स्नायूंची कायमची हानी होऊ शकते. वेळ निघून गेल्यास हाताची बोटे आत वळून आखडतात. १८८१ साली या विकृतीचे वर्णन करणाऱ्या रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाच्या नावाने ती ओळखली जाते.

पहिल्या २४ तासांत साधारणतः दर तासाला आणि त्यानंतर दर चार तासांनी पुढील गोष्टी पाहून नोंद ठेवतात.

वेदना: इजेच्या मानाने अधिक, औषध देऊनही वाढत जाणारी आणि बोटे हळूच सरळ केली असता असह्य होणारी वेदना हे पहिले व सर्वांत विश्वसनीय लक्षण आहे.

रंग व उष्णता: बोटे फिकट, निळसर किंवा गार पडली आहेत का, हे दुसऱ्या बाजूच्या बोटांशी ताडून पाहतात. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतला पाहिजे. सावळ्या वर्णाच्या रुग्णात नखे व तळवे पाहावेत.

संवेदना: मुंग्या येणे, बधिरता किंवा स्पर्श न कळणे.

हालचाल: रुग्णाला स्वतः बोटे वर-खाली करता येतात का.

नाडी: मनगटाची किंवा पावलावरची नाडी लागते का. नाडी लागते म्हणून धोका नाही असे समजणे चुकीचे आहे, कारण कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये नाडी शेवटपर्यंत लागू शकते.

यांपैकी काही आढळल्यास परिचारिकेने तत्काळ डॉक्टरांना कळवावे. पट्टी सैल करणे, प्लास्टर व त्याखालील कापूस त्वचेपर्यंत चिरणे ही कामे विलंब न लावता व्हावी लागतात. साध्या सुजेत अवयव हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवतात. कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका आल्यावर मात्र तो हृदयाच्याच पातळीवर आणावा, कारण अधिक उंचीमुळे आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी घटतो. बर्फही लावू नये. दाब न उतरल्यास शस्त्रक्रियेने स्नायूंचे आवरण उघडावे लागते. लहान मूल सतत रडत असल्यास किंवा वृद्ध रुग्ण एकाएकी अस्वस्थ झाल्यास त्यांना वेदना शब्दांत सांगता येत नसल्याचे ध्यानात घेऊन ही तपासणी आधी करावी. गुंगीचे औषध त्यापूर्वी देऊ नये.

प्लास्टरची काळजी

प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होते. ते पूर्ण वाळण्यास मात्र २४ ते ७२ तास लागतात. ओले प्लास्टर तळहातांवर पेलावे. बोटांनी धरल्यास त्यात खळगे पडून आतील त्वचेवर जखम होते. वाळेपर्यंत ते उशीवर, उघडे ठेवावे. पांघरुणाने झाकू नये आणि शेकोटीजवळ धरू नये, कारण बाहेरून वाळून आतून ओले राहते. फायबरग्लासचे प्लास्टर हलके असून लवकर वाळते.

रुग्ण घरी जाताना त्याला व घरच्यांना पुढील सूचना द्याव्यात. प्लास्टर भिजू देऊ नये. आंघोळीच्या वेळी प्लास्टिक पिशवी बांधावी. रोवणीच्या हंगामात चिखलात उतरू नये. खाज आली तरी काडी, विणकामाची सुई किंवा मोजपट्टी आत घालू नये. तिने झालेला ओरखडा आत चिघळतो आणि बाहेरून दिसत नाही. प्लास्टरमधून दुर्गंधी येणे, डाग उमटणे, एखादी जागा गरम लागणे, ताप येणे, बोटे सुजणे किंवा बधिर होणे यांपैकी काहीही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्लास्टर लावल्यावर वेदना दिवसागणिक कमी व्हायला हवी. ती वाढत असेल तर प्लास्टर तपासून घेतलेच पाहिजे.

ट्रॅक्शनमधील शुश्रूषा

मोडलेले हाड सरळ रेषेत ठेवण्यासाठी किंवा स्नायूंचे आखडणे कमी करण्यासाठी अवयवास वजनाने ओढ दिली जाते. त्वचेवर चिकटपट्टी लावून दिलेल्या ओढीत साधारणतः चार-पाच किलोपेक्षा अधिक वजन लावत नाहीत. अधिक वजनासाठी हाडातून धातूची सळई घालावी लागते. वजने मोकळी लोंबती असावीत. ती जमिनीला किंवा खाटेला टेकल्यास ओढ निष्फळ ठरते. उलट ओढ मिळावी म्हणून खाटेचा पायथा उंच करतात. आदेशाशिवाय वजने काढू नयेत, नातेवाइकांनी दया येऊन ती उचलून धरू नयेत. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस हाडालगत असलेला चेतातंतू पट्टीने दबल्यास पाऊल लुळे पडते. म्हणून रुग्णाला पाऊल व अंगठा रोज अनेकदा वर उचलून दाखवण्यास सांगतात. सळईच्या जागी लाली, पू किंवा सैलपणा आहे का, हे दररोज पाहतात.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची काळजी

दीर्घकाळ पडून राहिल्याने होणारे अपाय मूळ इजेइतकेच गंभीर असू शकतात. माकडहाड, टाच, खुबा आणि पाठीचा वरचा भाग येथे शय्याव्रण होतात. दर दोन तासांनी कुशी बदलणे, चादर कोरडी व सुरकुतीविरहित ठेवणे आणि पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणे हे त्यावरील उपाय आहेत. लाल झालेल्या जागेवर जोराने मालीश करू नये.

पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. पावले वर-खाली करण्याचा व्यायाम, पुरेसे पाणी, लवकरात लवकर उठून बसणे आणि सांगितलेली रक्त पातळ करणारी औषधे यांनी ती टाळता येते. एका पोटरीत सूज व दुखरेपणा आल्यास ती चोळू नये. लांब हाडे मोडल्यावर २४ ते ७२ तासांत धाप लागणे, भ्रमिष्टासारखे बोलणे आणि छाती, काखा किंवा डोळ्यांत बारीक लाल ठिपके दिसणे ही हाडातील चरबी रक्तात शिरल्याची लक्षणे असू शकतात. छातीतील कफ साचू नये म्हणून दीर्घ श्वसन करवावे.

परसाकडे जाण्याचा संकोच ही या रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची, मोठी अडचण असते. खाटेवर भांडे घ्यावे लागू नये म्हणून त्या पाणी व जेवण कमी करतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि अशक्तपणा येतो. पडदा लावणे, शक्य असल्यास स्त्री परिचारिकेने किंवा घरच्या स्त्रीने मदत करणे आणि ही मदत मागणे लाजिरवाणे नाही असा विश्वास देणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

वृद्धांमध्ये खुब्याजवळचे हाड मोडल्यास पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो. आता वय झाले म्हणून अशा व्यक्तीला घरीच निजवून ठेवणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रिया करून तिला लवकर उभे केले, तर शय्याव्रण, न्यूमोनिया व गुठळ्या यांपासून बचाव होतो. खुब्याचा कृत्रिम सांधा मागील बाजूने बसवला असल्यास सुरुवातीचे काही आठवडे पायावर पाय ठेवणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि कंबरेत नव्वद अंशांहून अधिक वाकणे वर्ज्य असते. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यास त्यावर ठेवण्यासाठी मध्ये भोक असलेल्या खुर्चीची सोय रुग्ण परतण्यापूर्वीच करावी.

दीर्घकालीन विकार

सिकलसेल: पूर्व विदर्भात हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांचा रक्तपुरवठा तुटल्याने हातपाय, पाठ व छातीत तीव्र वेदना उठतात. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकांत हातापायांची बोटे सुजणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. ही सूज मार लागल्यामुळे आली असे समजून मालीश केले जाण्याचा संभव असतो. या वेदनांत बर्फ लावू नये, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचतात व पेशी अधिक अडकतात. ऊब, भरपूर द्रवपदार्थ, विश्रांती आणि पुरेशी वेदनाशामके ही शुश्रूषेची सूत्रे होत. रुग्ण वरचेवर रुग्णालयात येतो म्हणून त्याच्या वेदनेविषयी शंका घेणे अनुचित आहे. ताप व एकाच जागी वेदना असल्यास हाडातील जंतुसंसर्गाचा, तर जांघेत दुखून लंगडत चालत असल्यास मांडीच्या हाडाचे डोके मृत होत असल्याचा विचार करावा लागतो. भर पावसात रोवणी करणे, उन्हाळ्यात पाण्याविना राबणे आणि अतिश्रम यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचे उद्दिष्ट आहे. प्रत्येक अस्थिशस्त्रक्रियेपूर्वी या भागातील रुग्णाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे पाहणे श्रेयस्कर ठरते.

गुडघ्यांची झीज: वजन आटोक्यात ठेवणे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, काठीचा वापर आणि जमिनीवर बसणे कमी करणे यांनी वेदना कमी होते. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्यास जठरात व्रण होतात व मूत्रपिंडे बिघडतात.

आमवात: यात सकाळी उठल्यावर सांधे बराच वेळ ताठर राहतात. उपचारांत मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून वार ठरवून तो पाकिटावर लिहून देणे ही परिचारिकेची जबाबदारी मानली जाते.

चिकुनगुन्या: २००६ च्या साथीत महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत हा आजार पसरला होता. ताप उतरल्यावरही सांधेदुखी कित्येक महिने टिकू शकते.

अस्थिक्षय: मणक्याच्या क्षयरोगात दीर्घकाळ पाठदुखी, वजन घटणे व रात्रीचा ताप आढळतो. औषधे मध्येच सोडल्यास मणका खचून पाय लुळे पडू शकतात.

पूर्व विदर्भात चालण्यातील प्रत्येक अडचण हाडांमुळेच असते असे नाही. दुष्काळी दिवसांत कित्येक महिने लाखोळीची डाळ हेच मुख्य अन्न झाल्यास चेतासंस्थेवर परिणाम होऊन पाय ताठरतात व ही हानी भरून येत नाही. परिचारिकेने आहाराची चौकशी करताना हे ध्यानात ठेवावे.

पुनर्वसन

निरोगी प्रौढात हाताचे हाड साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत आणि पायाचे लांब हाड बारा ते सोळा आठवड्यांत जुळते. धूम्रपान, तंबाखू, मधुमेह आणि कुपोषण यांमुळे हा काळ लांबतो. प्लास्टरच्या आत असलेले स्नायू ताणून सैल सोडण्याचा व मोकळ्या सांध्यांचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करावा. हाताला प्लास्टर असताना खांदा न हलवल्यास तो आखडतो. आहारात दूध, डाळी, अंडी, तीळ, नाचणी व तळ्यातील लहान काटेरी मासे यांचा समावेश लाभदायक आहे.

कुबड्या वापरताना शरीराचा भार तळहातांवर घ्यावा. काख व कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. काखेवर भार दिल्यास तेथील चेतातंतू दबून हात लुळा पडतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. घरातील उंच उंबरठा, अंगणातील शेवाळ आणि अंधारी न्हाणी यांची व्यवस्था आधीच लावल्यास पुन्हा पडण्याचा धोका घटतो. हंगामात कर्ता माणूस अंथरुणावर असल्यास कुटुंबाची मिळकत थांबते व रुग्ण घाईने कामावर परततो. कोणते काम कोणत्या महिन्यापासून करता येईल, हे त्याला स्पष्ट सांगितल्यास अर्धवट जुळलेले हाड पुन्हा मोडण्याचे प्रसंग टळतात.

हाडवैद्यांकडील उपचार

ग्रामीण महाराष्ट्रात हाडवैद्यांकडे जाण्याची प्रथा जुनी आहे. ते जवळ असतात, खर्च कमी येतो आणि त्यांची भाषा आपली वाटते. किरकोळ मुरगळण्यात त्यांच्या उपचाराने आराम पडल्याचे अनुभव सांगितले जातात. तथापि क्ष-किरण चित्राविना जोराने ओढणे आणि लेप लावून कामट्या घट्ट आवळणे यांमुळे हाड वाकडे जुळणे, सांधा आखडणे, कंपार्टमेंट सिंड्रोम आणि क्वचित अवयव गमावणे असे दुष्परिणाम होतात. लहान मुलांच्या कोपराजवळील अस्थिभंगात हा धोका विशेष असतो. अशी पट्टी बांधलेला रुग्ण आल्यास त्याला दोष देत बसू नये, कारण ओरडा बसेल या भीतीने लोक उशिरा येतात. पट्टी लगेच सोडून बोटांची तपासणी करावी. बोटे काळी-निळी, गार किंवा बधिर होऊ लागली तर पट्टी कोणी का बांधलेली असेना, ती त्याच क्षणी सोडावी, एवढी एक गोष्ट घरोघर माहीत झाली तरी अनेक हात वाचू शकतात.

शिक्षण व मनुष्यबळ

भारतात परिचर्येच्या शिक्षणाचे नियमन भारतीय परिचर्या परिषद करते. तिच्यासंबंधीचा कायदा १९४७ चा आहे. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. सहाय्यक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अस्थिरोग परिचर्या हा शल्यपरिचर्येच्या विषयाचा भाग म्हणून शिकवली जाते. गावपातळीवर आशा स्वयंसेविका रुग्णाला रुग्णालयापर्यंत पोहोचवणे आणि घरी परतल्यावर विचारपूस करणे अशी कामे करू शकतात. प्लास्टर असलेल्या रुग्णाच्या घरी पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा जाऊन बोटांचा रंग, उष्णता व हालचाल पाहण्यास काही मिनिटे पुरतात. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.